माजाळीचा फोन

रात्री अडीचला फोन वाजतो.
रोहिदास बोलतो, त्याच्या मागे लाट,
ती त्याच्याहून जास्त बोलते.
"उदक तापलां गे," म्हणतो,
"काठार कांय ना."
मी कॅम्पातल्या खोलीत. लाईट गेलेली.
पाय खाली ठेवते तर फरशीही कोमट,
आणि क्षणभर वाटतं, तेच पाणी.

तो सांगतो, मी मोबाईलच्या उजेडात वहीत लिहिते:
वारा दुपारपासून नैऋत्येचा, पडलाच नाही.
पहाटेचा मतलई चार दिवस झाले, आलेला नाही.
भांगाचे दिवस, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही.
कूर्मगडाच्या आडोशाला गढूळ.
कांडाळीत जेलीफिश, झटकता झटकता कोपरापर्यंत खाज.
शेवटे तेवढे काळीच्या तोंडाशी, गुडघाभर पाण्यात.
"पाग मारलो. अकरा."
अकराखाली मी रेघ ओढते.

बाकी मासा खोल गेला म्हणे.
खोल जाऊन काय करतो,
लहानपणी बापाला विचारलं होतं.
तू उन्हात काय करतेस, त्याने उलट विचारलं.
मी माडाखाली जायचे.
तर मग.

टेम्पो अणशीचा घाट चढतो,
जोयडा, रामनगर, खानापूर,
दर वळणाला बर्फ थोडा थोडा कमी.
सात वाजता मार्केटात थर्माकोलचं झाकण उचलते
आणि दर्याचं कालचं तोंड दिसतं.
गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं, ताजं की शिळं.
मी दुसरंच बघते.
लेपोच्या पोटाला खरचटलंय: तळ ढवळलाय.
बांगड्याच्या पोटात काही नाही: त्याचं खाणं लांब गेलंय.
मुडदुशी गाभोळीने तट्ट.
सरकारची बंदी एक जूनपासून,
हिच्या पोटात ती कधीच लागू झाली.
मी तिला वजनात घालते तरीही.
धंदा आहे.

"एष्टु?" शहापूरचे हुद्दार मास्तर विचारतात.
भाव ऐकून कन्नडात हसतात, मराठीत घासाघीस करतात.
"काय ओ शेवंताक्का, समुद्र आटला की काय?"
आटला नाही ओ मास्तर, तापलाय.
तापलेल्याशी कुणी भाव करतं काय?
ते दोन शेवटे घेतात. नऊ उरतात.

अडीच हजार फूट उंचीवर सव्वीस वर्षं काढली मी.
इथल्या बायका विचारतात, आठवण येत नाही काय समुद्राची?
काय सांगू. रोज सकाळी
त्याचे काटे माझ्या बोटांत जातात.

एकतीस मे. फोन आला तेव्हा बारा पण वाजले नव्हते.
होडी वर ओढली, म्हणाला,
माडाला बांधली, झापं घातली.
मग बोलण्यासारखं काही नव्हतं.
ठेवू नको, म्हटलं.
त्याने फोन पाण्याकडे धरला असावा.
एक लाट फुटली. मी मोजायला लागले.
नऊ आकडे झाले, तेव्हा दुसरी.
"मोजलंस?"
नऊ.
"काल बारा होते," म्हणाला.
म्हणजे लांब कुठेतरी जे उठलंय
ते काल होतं त्याहून जवळ आलंय.
आम्ही दोघं गप्प. त्याचा बॅलन्स जात राहिला.

सकाळी रिकामी पेटी धुतली.
बर्फाचं पाणी, त्यात थोडं रक्त, थोडं मीठ,
गटारातून बळ्ळारी नाल्याकडे निघालं.
तो नाला जातो पूर्वेला,
नदीतून नदीत, कृष्णेत,
आणि शेवटी पलीकडच्या दर्यात, जो मी बघितलेला नाही.
बाप असता तर ओरडला असता,
अगे, खंय सोडलंस तें?

उद्यापासून सुकट. त्याला काही विचारता येत नाही,
ते कुठल्या पाण्यातून आलं ते विसरलेलं असतं.
वहीत तारीख घातली.
वारा, पाणी, मासा, तिन्हींपुढे जागा सोडली.
नखाखाली एक खवला अडकलाय.
काढला नाही.